हाडावर जात लिहिलेली नसते

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकरी वस्तीत गाई-बैलांची हाडं निघाली. काहींवर कापल्याच्या खुणा, काही भाजलेली. बारीक, सरळ चीर हत्याराची. कुत्र्याच्या दातांची खूण वेगळी दिसते. म्हणजे इथे गोमांस खाल्लं जात होतं. एवढंच! मित्रांनो, 'ब्राह्मण गाय खात होते, हा घ्या पुरावा' म्हणत ही हाडं फॉरवर्ड करू नका. तो मुद्दा बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये ब्राह्मणी ग्रंथांच्याच आधारे मांडलाय. तो वाचा. कापलेल्या गाईचं मांस आणि मेलेल्या गाईचं मांस यांत त्यांनी फरक केला. अस्पृश्यतेचं एक मूळ त्यांना दुसऱ्यात दिसलं. नुसती चीर पाहून तो फरकही कळत नाही.