एचआयव्ही आणि बुरशीचे आजार : तपासणी दहा मिनिटांची, मग मृत्यू का?

२०२१ च्या मे महिन्यात एका बुरशीचे नाव महाराष्ट्रात घराघरात पोहोचले होते. कोविडमधून उठलेल्या रुग्णांना म्युकरमायकोसिस होऊ लागला. अॅम्फोटेरिसिन-बी इंजेक्शनसाठी नातेवाईक शहरे पालथी घालू लागले. उच्च न्यायालयाने सरकारला जाब विचारला आणि केंद्राने राज्यांना या आजाराची सक्तीने नोंद करायला सांगितले. जूनअखेर देशातील रुग्णसंख्या ४० हजारांवर गेली होती. बुरशीनेही माणूस मरतो, हे तेव्हा सर्वांना कळले.

हेच इंजेक्शन ज्या आणखी एका आजारावर लागते, त्याची बातमी मात्र कधी होत नाही. तो आजार म्हणजे क्रिप्टोकोकल मेनिंजायटीस, बुरशीमुळे होणारा मेंदूज्वर. २०२० सालासाठीच्या जागतिक अंदाजानुसार एचआयव्हीसह जगणाऱ्या सुमारे १ लाख ५२ हजार लोकांना वर्षभरात हा आजार झाला आणि त्यातले सुमारे १ लाख १२ हजार दगावले. एड्समुळे होणाऱ्या दर पाच मृत्यूंपैकी जवळपास एक या एकाच बुरशीमुळे होतो. हे मृत्यू गरिबांचे आहेत, उशिरा दवाखान्यात पोहोचणाऱ्यांचे आहेत, आणि ज्यांचा आजार घरातही लपवला जातो अशांचे आहेत. म्हणून त्यांची ओरड होत नाही.

ही बुरशी मातीत आणि कबुतरांच्या विष्ठेत असते. श्वासावाटे ती कुणाच्याही फुफ्फुसात जाऊ शकते. शरीराची प्रतिकारशक्ती शाबूत असेल तर बहुधा काही होत नाही. एचआयव्हीमुळे सीडी-फोर पेशी १०० च्या खाली गेल्या की ती रक्तातून मेंदूकडे सरकते. आधी काही दिवस नुसते डोके दुखते, ताप येतो. मग उलट्या, एकाचे दोन दिसणे, भ्रम आणि बेशुद्धी. पहिल्या टप्प्यात बहुतेक जण डोकेदुखीची गोळी घेऊन कामावर जातात.

पूर्वी निदानासाठी पाठीच्या मणक्यातून पाणी काढून ते शाईत मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागे. बुरशी कमी असेल तर त्यात ती सुटून जाते. प्रयोगशाळेत ती वाढवून पाहायची तर अनेक दिवस जातात. आता चित्र बदलले आहे. या बुरशीच्या आवरणाचे कण रक्तात उतरतात, आणि ते ओळखणारी पट्टी २०११ पासून वापरात आहे. तिला क्रॅग तपासणी म्हणतात. रक्ताच्या थेंबभर नमुन्यात पट्टी बुडवायची आणि दहा मिनिटे थांबायचे. दोन रेघा उमटल्या तर बुरशी शरीरात आहे. यंत्र लागत नाही, फ्रीज लागत नाही, आणि पट्टीची किंमत काहीशे रुपयांच्या आतली आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डोके दुखायला लागण्याच्या काही आठवडे आधीच ती रक्तातली बुरशी दाखवू शकते.

या काही आठवड्यांतच रुग्णाचा जीव वाचवता येतो. मेंदूज्वर झाल्यावर उत्तम उपचारही सगळ्यांना वाचवू शकत नाहीत. आफ्रिकेतील पाच देशांत झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सर्वांत चांगली औषधे देऊनही दहा आठवड्यांत चारपैकी जवळपास एक रुग्ण दगावला. त्याउलट बुरशी मेंदूत पोहोचण्याआधी सापडली तर फ्लुकोनाझोलच्या गोळ्यांवर आजार रोखता येतो. या गोळ्या स्वस्त आहेत आणि तालुक्याच्या मेडिकलमध्येही मिळतात.

इथे आणखी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. २०१७ पासून भारतात एचआयव्ही निदान झालेल्या प्रत्येकाला, सीडी-फोर कितीही असले तरी, एआरटीच्या गोळ्या सुरू केल्या जातात. धोरण योग्यच आहे. पण मेंदूत बुरशी दडलेली असताना एआरटी लगेच सुरू केली तर मृत्यूचा धोका वाढतो, हे युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतील अभ्यासाने २०१४ मध्येच दाखवले. अशा रुग्णाला आधी बुरशीवर उपचार आणि चार ते सहा आठवड्यांनी एआरटी द्यावी लागते. म्हणजे 'लगेच उपचार' या धोरणामुळे या तपासणीची गरज उलट वाढली आहे. आणि ती कोणाची करायची हे सीडी-फोर मोजल्याशिवाय कळत नाही. व्हायरल लोडवर भर आल्यापासून अनेक देशांत सीडी-फोर मोजणेच मागे पडले आहे.

दक्षिण आफ्रिकेने यावर साधा तोडगा काढला. २०१६ पासून तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत सीडी-फोर १०० च्या खाली आले की त्याच नळीतल्या उरलेल्या रक्तावर क्रॅग तपासणी आपोआप होते. डॉक्टरने वेगळी चिठ्ठी लिहायची नाही, रुग्णाने दुसरी खेप मारायची नाही. टांझानिया आणि झांबियात या तपासणीला घरभेटींची जोड दिली गेली. पहिले काही आठवडे प्रशिक्षण घेतलेले साधे कार्यकर्ते रुग्णाच्या घरी जात, गोळ्या पोहोचवत, तब्येत विचारत. मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. या घरभेटी देणारे डॉक्टर नव्हते, हे आपल्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे.

बुरशी ही एकच नाही. हिस्टोप्लाझ्मोसिस हा दुसरा आजार. भारतात त्याची पहिली नोंद १९५४ मध्ये कोलकात्यातून झाली. ताप, वजन घटणे, खोकला ही लक्षणे टीबीसारखीच असल्याने रुग्णाला महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या दिल्या जाण्याचा धोका असतो. मणिपूर आणि ईशान्य भारतात टॅलारोमायकोसिस आढळतो. या दोन्हींवर अँटिजेन तपासण्या आहेत, पण सामान्य सरकारी दवाखान्यापर्यंत त्या पोहोचलेल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली, त्यात क्रिप्टोकोकस सर्वांत वरच्या गटात आहे. एप्रिल २०२५ च्या अहवालात संघटनेने सांगितले की बुरशीच्या बहुतेक तपासण्या सुसज्ज प्रयोगशाळांवर अवलंबून आहेत आणि गरीब देशांतील रुग्णांना त्या मिळत नाहीत. क्रॅगची पट्टी मात्र या नियमाला अपवाद आहे. म्हणूनच ती न मिळणे अधिक अक्षम्य आहे.

आता आपल्याकडे वळू. २०२१ च्या सरकारी अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि त्यात सर्वाधिक, सुमारे ३ लाख ९० हजार, महाराष्ट्रात आहेत. नॅकोच्या मार्गदर्शक सूचनांत प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांसाठी क्रॅग तपासणी सांगितलेली आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १४ मध्ये निदानाच्या सोयी, एआरटी आणि संधीसाधू आजारांवरील उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. पण तिथे 'शक्य तितके' अशा अर्थाचे शब्द घातले आहेत. रुग्णांच्या संघटनांनी त्याला तेव्हाच आक्षेप घेतला होता. काहीशे रुपयांची पट्टी 'शक्य नाही' असे कोणते सरकार म्हणू शकते? संविधानाचे कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. तिथे असे शब्द नाहीत.

पैशाचे कारणही पुरेसे नाही. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परकीय मदत थांबवल्यावर आफ्रिकेतील अनेक कार्यक्रम कोलमडले. भारताचा एड्स नियंत्रण कार्यक्रम मात्र मुख्यतः आपल्याच करांवर चालतो. २०२१ ते मार्च २०२६ या पाचव्या टप्प्यासाठी १५ हजार ४७१ कोटींहून अधिक तरतूद केली गेली. पुढच्या आखणीत बुरशीच्या तपासणीला आणि औषधाला स्वतंत्र ओळ आहे का, हे विचारलेच पाहिजे. तपासणी आहे आणि फ्लुसायटोसिन नाही, असे असेल तर ती अर्धी व्यवस्था आहे. हे औषध १९५७ मध्ये तयार झाले, त्याचे पेटंट कधीच संपले, तरी गरीब देशांत ते मिळत नाही.

तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे की आपापल्या जिल्ह्याच्या एआरटी सेंटरला माहिती अधिकारात चार प्रश्न विचारा. गेल्या वर्षी नव्याने आलेल्या किती रुग्णांचे सीडी-फोर मोजले? त्यातले किती २०० च्या आणि किती १०० च्या खाली होते? त्यातल्या किती जणांची क्रॅग तपासणी झाली? पट्ट्या, फ्लुकोनाझोल, अॅम्फोटेरिसिन आणि फ्लुसायटोसिन यांचा साठा किती दिवस शून्य होता? कुणाही रुग्णाचे नाव मागू नका. कायद्याने ती माहिती गोपनीय आहे आणि ती गोपनीयता आपणही पाळली पाहिजे.

दुसरे काम वस्तीतले आहे. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपल्याकडे आरोग्य शिबिरे होतात, रक्तदाब आणि साखर तपासली जाते. तिथे गर्दीत एचआयव्हीची तपासणी करू नये, कारण त्यासाठी समुपदेशन आणि संमती लागते. पण १०९७ हा मोफत हेल्पलाइन क्रमांक आणि जवळच्या आयसीटीसीचा पत्ता फलकावर नक्की लावता येतो. गोळ्या सोडलेल्या माणसाला, ओरडा न करता, पुन्हा सेंटरपर्यंत सोबत नेता येते. दोन आठवडे डोके दुखते म्हणणाऱ्या, एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाला 'क्रॅग झाली का, डॉक्टरांना विचार' एवढे सांगता येते.

म्युकरमायकोसिसच्या वेळी व्यवस्था हलली, कारण सगळा समाज ओरडत होता. या रुग्णांना ओरडणे परवडत नाही, कारण ओरडले तर ओळख उघड होते. त्यांच्या वतीने विचारण्याचे काम संघटित तरुणांनाच करावे लागेल.