कमानींतला जास्तीचा पाटा

आमच्या दिंडोरीच्या घरीं एक जुनी पद्मिनी मोटार आहे. या जातीच्या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाल्या. आमची गाडी मात्र आमच्याप्रमाणेंच निवृत्तीच्या वयांतहि घरचीं कामें करीत आहे.

द्राक्षांच्या हंगामांत आमचे पुतणे डिकींत क्रेट भरीत, आणि गाडीची पाठ खालीं बसे. तिच्या मागच्या कमानी टांग्याच्या कमानीसारख्याच: वर दोन्ही टोंकांस वळवून डोळे केलेला मुख्य पाटा, खालीं क्रमानें आंखूड होत गेलेले पाटे, आणि सर्वांस आंसाशीं बांधणारे यू-बोल्ट. "काका, एक पाटा वाढविला कीं झालें," असें पुतणे म्हणाले. आम्हींहि मान डोलाविली. एका रविवारीं अंगणांत काम उरकलें, व गाडी ऐटींत उभी राहिली.

पुढें अक्कांस सप्तशृंगीस नेलें. अक्का आमच्या वडील भगिनी, वय ऐंशीच्या वर. वाटेंत त्या कांहींच बोलल्या नाहींत. घरीं आल्यावर मात्र म्हणाल्या, "अरे, पुढच्या वेळीं मला एस्. टी. नें जाऊं द्या."

त्या रात्रीं आम्हांस तर्कसंग्रह आठवला. वेग, भावना आणि स्थितिस्थापक असे संस्काराचे तीन प्रकार आम्ही लहानपणीं घोकले होते. गुंडाळलेली चटई सोडतांच पूर्ववत् होऊं पाहते, तो तिसरा. कमानीचा सारा गुण हाच. पण ती पूर्वस्थितीवर येऊन थांबत नाहीं, पलीकडे जाते आणि पुन्हां परतते. तें हेलकावणें शमविणें हें शॉक-अ‍ॅब्सॉर्बरचें काम. आमच्या दोहोंतील तेल केव्हांच गळून गेलें होतें! वाढविलेल्या पाट्यानें ओझें पेललें खरें, परंतु डिकी रिकामी असतां कमान लवेनाशी झाली, आणि रस्त्याचा प्रत्येक खड्डा अक्कांच्या कमरेस पोंचला.

तेव्हां तो पाटा काढला. मूळचे पाटे नाशिकास कमानीच्या कारागिराकडे दिले. बसलेल्या पाट्यास पुन्हां बांक देणें हें घरचें काम नव्हे. अडाणीपणें तापविलें तर पोलादाचें पाणी उतरतें. बाकीचें मात्र अंगणांत करतां येतें. केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कोणासहि जाऊं देऊं नये, विटांच्या राशीवर तर मुळींच नाहीं. लोखंडी स्टँड आणावे व पुढच्या चाकांस दगड लावावे. शॉक-अ‍ॅब्सॉर्बर दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावे. रबरी बुश नवे घालावे, पण त्यांचे बोल्ट शेवटचे आंवळावयाचे ते गाडीचा भार चाकांवर आल्यावर. अधांतरीं आंवळले तर रबर कायम पिळलेलें राहतें व लौकर फाटतें. ही चूक पुतण्यांनीं एकदां केली, आणि तो सबंध शनिवार वायां गेला. थोडे दिवस गाडी चालल्यावर यू-बोल्ट पुन्हां तपासावे.

नवरात्रांत अक्का पुन्हां गडावर निघाल्या. वणी येईपर्यंत त्यांस मागच्या बैठकीवर झोंप लागली होती. क्रेट हल्लीं टेंपोनें जातात.