आंदण दिलेली भीती

शाळेत पालकसभा असते. दुसरीतल्या मुलीची आई तिच्यासमोरच बाईंना सांगते, "हिचं गणित माझ्यावर गेलंय, कच्चंच राहणार." बाई समजुतीनं म्हणतात, "माझंही तसंच होतं हो!" मुलगी सात वर्षांची. हातच्याची वजाबाकी अजून तिला धड शिकवूनही झालेली नाही आणि दोन मोठ्या माणसांनी तिच्या बुद्धीचा निकाल लावून टाकला. मी याला गुन्हा म्हणतो.

शिकागो विद्यापीठातल्या सियन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या सतरा शिक्षिका आणि त्यांच्या वर्गांतली ११७ मुलं-मुली. वर्षाच्या आरंभी बाईंना वाटणाऱ्या गणिताच्या भीतीचा मुलांच्या गणिताशी काही संबंध दिसला नाही. वर्षअखेरीस दिसला, आणि तो फक्त मुलींत. बाई गणिताला जितक्या घाबरणाऱ्या, तितक्या त्यांच्या वर्गातल्या मुली 'गणित मुलांचं, वाचन मुलींचं' असं मानू लागल्या होत्या. आणि तसं मानणाऱ्या मुलीच गणितात मागे पडल्या होत्या. मुलगी बाईंकडे नुसती शिकत नाही, बाईंसारखी होऊ पाहते. त्या बिचाऱ्या बाईंनाही ही भीती कुणीतरी अशीच लहानपणी दिलेली असते.

एकदा भीती बसली की गणित करायचं कशानं? आकडे मनात धरून ठेवायला मुळातच जागा थोडी. तिथं हातचा एक सांभाळायचा, की 'माझं चुकणार, सगळे हसणार' हे सांभाळायचं?

कोठारी आयोगानं १९६६ सालीच सांगितलं की शाळेच्या पहिल्या दहा वर्षांत गणित आणि विज्ञान सर्वांना सक्तीचं असावं. मुला-मुलींची पुस्तकं एक झाली. घरातला अभ्यासक्रम मात्र वेगळाच राहिला. वाण्याकडे शंभराची नोट घेऊन मुलगा जातो, सुटे मोजून आणतो, चुकला तर पुन्हा धावतो. मुलीच्या वाट्याला कणकेचे गोळे. ती अंगणात पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी काढते, एकही ठिपका न चुकवता सगळ्या बाजू सारख्या जुळवते. आपण म्हणतो, हात छान आहे. तिचं डोकं चाललं होतं हे कुणी तिला सांगितलं?

आणि ही भीती कमी करू पाहणाऱ्या बाईचं आपण काय केलं? २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'पंचवीस'सोबत 'वीस पाच' असंही वाचायला दिलं. 'पंचवीस'मध्ये पाच आधी ऐकू येतात, लिहायचे मात्र आधी दोन; शिवाय इतर कितीतरी संख्यांच्या नावांतली जोडाक्षरं त्या वयाला जड. मूल इथंच अडखळतं, हे गणितज्ञ मंगला नारळीकर त्या विषय समितीच्या अध्यक्ष म्हणून शांतपणे समजावत होत्या. मतभेद खुशाल असावेत. पण महाराष्ट्रानं थट्टा केली. आडनावांचे आकडे करून हसला. जन्मभर गणितात रमलेली, मुलांसाठी सोप्या मराठीत गणित लिहिणारी एक स्त्री बोलत होती, ही केवढी गोष्ट आपल्या मुलींना दाखवता आली असती! त्या हसण्यात दुसरीतलं अडखळणारं मूल कुणालाच आठवलं नाही. नारळीकर २०२३ साली गेल्या. त्यांची माफी मागायची राहून गेली. पालकसभेत आईशेजारी खाली मान घालून उभ्या असलेल्या त्या मुलीची अजून मागता येईल.