दादाचा एरियल

दर आठवड्याला या पानावर मी आपल्याशी भाजीच्या भावापासून नातवाच्या शाळाप्रवेशापर्यंत वाटेल त्या विषयावर बोलत असतो. शास्त्रीय विषय मात्र आजवर कधी काढला नाही. याचे कारण शास्त्राविषयी मला आदर आहे. घरात दिवे गेले तर मेणबत्ती शोधणे माझ्याकडे आणि दिवे आणणे सौ.कडे, अशी आमची फार जुनी वाटणी आहे. तेव्हा यंदा दिवाळी अंकासाठी संपादकांनी जास्त जागा देऊ केली आणि मी तिच्यात रेडिओचे यंत्र मांडून बसलो, याचा आपल्याइतकाच मलाही अचंबा वाटतो.

यंदा उन्हाळ्यात आम्ही उभयता न्यू जर्सीला, एडिसन गावी, मुलीकडे होतो. आमचे जावई हौशी रेडिओवाले आहेत. या पंथाच्या लोकांना जगभर ‘हॅम’ म्हणतात. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, स्वतःच्या नावाऐवजी अक्षरे आणि आकडा मिळून झालेले एक बोधचिन्ह धारण करायचे आणि मग ओळख ना देख अशा माणसाला हाका मारीत बसायचे, असा हा छंद आहे. त्यात पैसा मिळत नाही, उलट जातो.

आमच्या घराण्यातही एक हॅम आहेत. ते म्हणजे माझे थोरले बंधू, दादा. १९७९ साली मिनिटाला १२ शब्दांच्या वेगाने मोर्स घेऊन त्यांनी परवाना मिळवला. त्यापूर्वी वर्षभर ते पानात वाढलेले गार होईपर्यंत चमच्याने वाटी वाजवीत बसत. पुण्याच्या आमच्या वाड्याच्या कौलांवर त्यांनी दोन बांबू उभे करून तार ताणली होती. रात्री त्या तारेवरून ऑस्ट्रेलिया, जपान, रशिया घरात येत. मी तेव्हा कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला आणि मला त्या खरखरीने झोप येत नसे, एवढाच माझा त्या शास्त्राशी संबंध.

वाडा २०१४ साली विकला. दादांच्या मनात नव्हते. सही प्रथम मी केली. कोण बरोबर आणि कोण चूक याचा निवाडा करायला ही जागा नव्हे. पण त्या सहीबरोबर दादांची तारही उतरली, हे मात्र खरे. नव्या इमारतीच्या सोसायटीने गच्चीवर काही लावायला साफ नकार दिला. दादांचे रेडिओ खोक्यांत गेले आणि आमचे बोलणे ‘येणार का? येणार’ एवढ्यावर, तेही लग्नकार्यांपुरते, येऊन थांबले.

जावयांना यातले सारे ठाऊक होते. लग्नाच्या मांडवात सासरकडचा एक हॅम सापडल्यापासून त्यांचा आणि दादांचा पत्रव्यवहार चालूच होता. मला तो कळवण्याचे कारण कोणाला वाटले नाही.

एका शनिवारी जावयांनी जेवणाच्या टेबलावर एक हिरवी पाटी ठेवली. पत्त्याच्या पानाएवढीच, मोजून ८५ मिलिमीटर लांब आणि ५६ रुंद. म्हणाले, “बाबा, हा पुरा संगणक आहे. रास्पबेरी पाय.”

“कुणाचा पाय?” सौ.ने स्वयंपाकघरातून विचारले.

हा पाय इंग्लंडात केंब्रिजच्या मंडळींनी मुलांना संगणक शिकता यावा म्हणून काढला. पहिला २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आला, तेव्हा त्याची किंमत ३५ डॉलर होती. मुलांसाठी काढलेली वस्तू पन्नाशीच्या बाप्यांनी पळवावी, हे आगगाडीच्या खेळण्यापासून चालतच आले आहे.

योजना अशी होती. दादांजवळ एरियल नाही, पण फोन आहे. त्यात ‘एकोलिंक’ नावाची सोय बसवली की त्यांचा आवाज इंटरनेटवरून एडिसनला येईल. येथे तो पायाच्या संगणकात शिरेल, तेथून साउंडकार्डातून निघून एका हातरेडिओत जाईल आणि तो रेडिओ तो आवाज हवेत सोडील. गावातल्या कोणाही हॅमने आपल्या हातातल्या रेडिओवर तो ऐकावा, उत्तर द्यावे. ते त्याच वाटेने उलट पुण्याला जाईल. अशा जोडठाण्याला ‘नोड’ म्हणतात. ही कल्पना नवी नाही. कॅनडात व्हँकुव्हरच्या डेव्हिड कॅमेरॉन यांनी १९९७ साली रेडिओठाणी इंटरनेटने जोडण्याची पद्धत सुरू केली. अमेरिकेतल्या जोनाथन टेलर यांचे एकोलिंक २००२ सालचे. आम्ही पायावर चढवला तो ‘स्विक्सलिंक’ नावाचा प्रोग्राम स्वीडनच्या टोबियास ब्लोमबर्ग यांनी लिहून जगाला फुकट दिलेला आहे.

“पण फोनवर फोन जोडला तर नाही का चालणार?” मी विचारले.

“मी हेच काकांना विचारले होते,” जावई म्हणाले. “ते म्हणाले, माझ्या बाजूला हवा उरली नाही. निदान तुझ्या बाजूला तरी जाऊ दे हवेतून.”

मी पाण्याचा पेला उचलला आणि विषय बदलला.

ठाणे उभे करायला तीन आठवडे लागले. तारा मोजून चार: ऐकण्याची, बोलण्याची, जमिनीची आणि बोलण्याची कळ दाबणारी. रेडिओवर बोलायचे तर कळ दाबावी लागते. येथे माणूस नाही, म्हणून पायाच्या ४० टाचण्यांपैकी एकीवरून एक चिमुकला ट्रान्झिस्टर ती कळ दाबतो. एरियल लोहचुंबकाच्या बुडाचा असल्याने तो रेफ्रिजरेटरच्या डोक्यावर चिकटला. खालचा पत्रा मोठा असला की असा एरियल चांगला चालतो, असे शास्त्र आहे. सौ.चे शास्त्र वेगळे आहे, पण ती पाहुणी होती म्हणून गप्प राहिली.

अडचणी आल्या. पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे चिन्ह सारखे लुकलुके. मला ती सजावट वाटली. निघाले असे की पायाला ५ व्होल्ट पुरते मिळत नव्हते. फोनचा जुना चार्जर उपाशीपोटी राबवला जात होता. तो बदलला. मग राउटरमध्ये ५१९८ आणि ५१९९ या क्रमांकांच्या खिडक्या उघडाव्या लागल्या, नाहीतर बाहेरची हाक आत येईना. मग एके दिवशी सौ.ने इलेक्ट्रिक कुकर लावण्यासाठी एक प्लग उपटला. रेडिओ उपटला असता तर काही बिघडले नसते. पण हा संगणक आहे. लिहिता लिहिता त्याची वीज तोडली तर त्याच्या कार्डावरचे लिखाण बिघडू शकते, आणि ते बिघडलेच. जावयांनी सारे पहिल्यापासून लिहून काढले आणि ‘भात छान झाला आहे’ असे म्हणाले. माणूस चांगला आहे.

सर्वांत मजेचा भाग पोपटाचा. स्विक्सलिंकमध्ये ‘पॅरट’ नावाचा एक कप्पा आहे. रेडिओच्या बटणांवर १ आणि चौकटीची खूण दाबली की पेटी आपण बोललेले ऐकून घेते आणि जसेच्या तसे परत ऐकवते. आवाज लहान जातो की फुटतो, ते त्यावरून कळते. हे दुसऱ्या ठाण्याशी बोलणे नव्हे. तेव्हा जावयांच्या देखरेखीखाली मलाही चाचणीला उभे केले. मी म्हणालो, “हॅलो, ऐकू येते का?” पेटीतून एक तिरसट म्हातारा माझ्यावर खेकसला, “हॅलो, ऐकू येते का?” मी आजवर असा बोलत आलो, हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळले. नातवाने तर पेटीचे नावच पोपट ठेवले.

पहिल्या दिवशी दादा जोडले गेले तेव्हा पुण्यात सकाळचे साडेसहा वाजले होते आणि आमच्याकडे आदल्या रात्रीचे नऊ. त्यांचे पहिले वाक्य असे: “तुमच्याकडे कोणी भजी तळते आहे काय?” रेडिओ नुसती खरखरसुद्धा माणसाचा आवाज समजून पुण्याला पाठवीत होता. मग दोन्ही हातरेडिओंवर कानाला न जाणवणारा एक मंद सूर लावला. तो सूर सोबत असेल तरच पेटीकडचा रेडिओ तोंड उघडतो. भजी थांबली.

त्यानंतर रोज रात्री नऊला मी टेबलाशी बसून ऐके. जावई आणि दादा व्होल्ट, तारा, पाऊस यांवर बोलत. शेवटी दादा विचारीत, “घरात सगळे बरे?” जावई सांगत, “सगळे बरे.” ‘सगळे’ या शब्दावर दोघेही किंचित थांबत, असे मला वाटे, पण तारेवरच्या प्रवासात आवाजाला थोडा उशीर होतोच, असे जावयांनी नंतर समजावले.

एकदा मी हात पुढे केला. जावयांनी रेडिओ दिला नाही. बिनपरवान्याच्या माणसाने दुसऱ्या देशातल्या हॅमशी बोलायचे तर त्या दोन देशांत तसा करार लागतो; अमेरिका आणि भारत यांच्यात तो नाही. निरोपसुद्धा सांगता येत नाही. सौ. म्हणाली, “अहो, मग फोन उचला आणि बोला की!” बरोबर होते. पण फोन इतकी वर्षे घरात होताच. फोन करायला काहीतरी कारण लागते. रेडिओवाल्यांचे तसे नसते; ते मुळी कारणाशिवाय बोलण्यासाठीच जमलेले असतात.

मी परीक्षेला बसलो. अमेरिकेत परक्या देशाच्या पाहुण्यालाही ती देता येते. पत्ता तिथला लागतो. मोर्सची अट २००७ सालीच गेली. चारशेहून अधिक प्रश्न उत्तरांसह आधीच जाहीर केलेले असतात, त्यांतले ३५ येतात आणि २६ बरोबर आले की उत्तीर्ण. घोकंपट्टीत आपली पिढी कोणाला हार जाणार? वाचनालयाच्या एका खोलीत, बारा वर्षांच्या मुलीच्या शेजारी बसून मी पेपर दिला. तिचे ३४ बरोबर आले, माझे ३१. सरकारी शुल्क ३५ डॉलर भरले आणि काही दिवसांनी माझे बोधचिन्ह आले. नियम पाठ झालेच होते. दर दहा मिनिटांनी आणि शेवटी आपले बोधचिन्ह इंग्रजीत सांगायचे. बाकी बोलणे मराठीत चालते. अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरायची नाही. आणि कोणीही ऐकत असू शकतो, हे धरून चालायचे. हा शेवटचा नियम मला फार सोयीचा वाटला. गावभर ऐकू जाईल अशा जागी वाड्याचा विषय निघणे शक्य नव्हते.

त्या रात्री जावयांनी दादांना एवढेच सांगितले की एक नवे स्टेशन थांबले आहे. रेडिओ माझ्या हातात आला. क्रम ठाऊक होता: आधी त्यांचे बोधचिन्ह, मग माझे. मी कळ दाबली आणि क्रम चुकलो. मग सावरून दोन्ही चिन्हे सांगितली आणि कळ सोडली.

पुण्याहून बराच वेळ काही आले नाही. माशी घोंघावते तेवढाही आवाज नाही. मग दादांनी रीतसर माझे चिन्ह उच्चारले, आपले उच्चारले आणि म्हणाले, “आवाज स्वच्छ आहे. पण तू कळ दाबल्याबरोबर बोलतोस. पेटीला उठायला वेळ लागतो, पहिला शब्द कापला जातो. कळ दाबून एक सेकंद थांबत जा. पहिला शब्द काय होता?”

मी कळ दाबली. मनात एक मोजले.

“दादा,” म्हणालो.

त्यानंतर आम्ही चाळीस मिनिटे बोललो. त्यांच्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदू, पुण्यातला पाऊस, एडिसनला मिळणारी मेथी. रेफ्रिजरेटरजवळचा रेडिओ हात लावता येईना इतका तापला. जावई समोर बसून दर दहा मिनिटांनी दहा बोटे दाखवीत होते आणि मी दर वेळी इंग्रजीत माझे चिन्ह सांगत होतो. दादा म्हणाले, उच्चार सुधारायला हवा.