उन्हाची मजुरी

मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनाने १४४ कलम पुकारून कामगारांसाठी पाणी व पंखे ठेवण्याचे आस्थापनांस बजावले. परंतु पंखा छपराखाली फिरतो. अकोला-अमरावतीचा मातीकाम करणारा मजूर उघड्यावर राबतो. शरीरशास्त्र सांगते की, उन्हातील श्रमास सरावण्यास देहाला एक ते दोन आठवडे लागतात आणि सरावलेल्यासही पाणी, सावली व विसावा लागतोच. येथे शरीरशास्त्राची अर्थशास्त्राशी गाठ पडते. मजुरी खोदलेल्या मातीच्या मापाने मिळत असेल, तर विसावा घेणारा आपलीच भाकरी कमी करतो. म्हणून कोरडा उपदेश पुरेसा नाही. उन्हाळ्यात मापाचा दरच वाढविला पाहिजे. विसाव्याचे मोल मिळाल्याखेरीज मजूर सावलीत बसणार कसा?