वन्स मोर, पण नवीन!

संगीत नाटकांच्या सुवर्णकाळाचे जे किस्से आपल्याकडे सांगतात त्यातले निम्मे वन्स मोरचे असतात. नायिका विरहाने व्याकूळ, नाटक पुढे सरकायला हवं, पण प्रेक्षकांचं समाधान होत नाही. मग ती बिचारी (बहुतेक वेळा बिचारा!) तोच विरह तिसऱ्यांदा सोसते. नाटकं पहाटेपर्यंत चालायची ती काही कथानक मोठं म्हणून नाही.

पण त्या प्रेक्षकांचा एक प्रामाणिकपणा मानला पाहिजे. त्यांना तेच पद हवं असायचं आणि ते तसं सरळ ओरडून मागायचे. "नवीन पद म्हणा, पण अगदी ह्याच्यासारखं म्हणा, शिवाय ह्यापेक्षा चांगलं म्हणा, आणि एक सूर जरी बदललात तर पैसे परत," अशी मागणी त्यांनी केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. ती करायला व्हिडिओ गेमचे चाहते जन्माला यावे लागले.

(आई, काकू आणि समस्त नातेवाईक मंडळी, पळू नका. बंदुकांचा गेम नाहीये.)

विषय आहे 'सिव्हिलायझेशन'. सिड मायर नावाच्या गृहस्थांचा १९९१ सालचा गेम. ख्रिस्तपूर्व ४००० मध्ये तुमच्या हातात एक भटकी टोळी देतात. तिथून पुढे गावं वसवायची, लिपी शोधायची, शेजाऱ्यांशी तह करायचे, सोयीनुसार मोडायचे, आणि सहा हजार वर्षांनी अवकाशयान सोडायचं. सगळं बुद्धिबळासारखं चालीचालीनं. दुष्परिणाम एकच, "आणखी एक चाल" म्हणता म्हणता खिडकीबाहेर दूधवाला दिसू लागतो. मी २००१ च्या तिसऱ्या भागापासून खेळते आहे. म्हणजे ह्या चाहत्यांमध्ये मीही आलेच, आणि आज जे लिहिणार आहे ते घरातल्यांबद्दलच लिहिणार आहे.

सातवा भाग ११ फेब्रुवारी २०२५ ला आला. त्याआधीच्या सहा भागांत बरंच काही बदललं, पण एक नियम कायम होता: सुरुवातीला जी संस्कृती घेतली ती शेवटपर्यंत तुमची. सातव्या भागाने तो मोडला. खेळाची तीन युगं केली, प्राचीन, शोधांचं आणि आधुनिक. युगाच्या शेवटी संकटं कोसळतात, आणि ती पार केली की पुढच्या युगासाठी नवी संस्कृती घ्यायची. नेता मात्र तोच. म्हणजे अशोक घेतला तर तो आधी मौर्यांचा, मग चोळांचा, मग मुघलांचा. मागच्या संस्कृतीच्या काही परंपरा बरोबर नेता येतात.

झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हापासून जो आरडाओरडा सुरू झाला तो गेम आल्यावर वाढतच गेला. पहिल्याच प्रदर्शनात उदाहरण दाखवलं ते इजिप्तचं. घोडे भरपूर असतील तर इजिप्तचे पुढे मंगोल होऊ शकतात. आता हे उदाहरण ज्यानं निवडलं त्याला खरंच नमस्कार. मीही हसले. पण हसून झाल्यावर तक्रार काय होती ती ऐका: "हा इतिहासाचा अपमान आहे. आम्हाला आमची जुनी, एकसंध, सहा हजार वर्षं टिकणारी संस्कृती परत द्या."

ती जुनी व्यवस्था होती तरी काय? आपलंच उदाहरण घेऊ. १९९१ पासून भारत म्हणजे गांधीजी. ख्रिस्तपूर्व ४००० मध्ये गांधीजी दिल्ली वसवतात. (शेजारी लिंकनसाहेब वॉशिंग्टन वसवत असतात, तेव्हा ह्यात आपला विशेष अपमान नव्हता.) दुसऱ्या भागात पर्याय म्हणून इंदिरा गांधी आल्या. चौथ्यात अशोक आला, पण गांधीजी होतेच. पाचव्या भागात भारताचं खास सैन्य म्हणजे युद्धातले हत्ती आणि खास इमारत म्हणजे मुघल किल्ला. थोडक्यात, गांधीजींनी हत्ती घेऊन स्वारीवर जायचं आणि परत येऊन मुघल किल्ला बांधायचा. हे तीस वर्षं कुणाला खटकलं नाही, आणि मौर्य, चोळ, मुघल असे वेगवेगळे केल्यावर इतिहासाची काळजी वाटू लागली!

चोळांचं राज्य १२७९ ला संपलं आणि बाबर पानिपतला पोचला १५२६ ला, तंजावर आणि आग्रा ह्यांच्यातलं अंतर वेगळंच, तेव्हा ही साखळी काही फार सुबक नाही हे मान्य. पण कल्पना? कल्पना मला त्या अख्ख्या मालिकेतली सर्वात खरी वाटते, आणि ती महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला तरी समजावून सांगावी लागू नये.

देवगिरीला कोण गेलेलं नाही! शाळेची सहल, अंधारी, वटवाघळं, मेंढा तोफ. तो एकच डोंगर बघा. यादवांची राजधानी. १२९६ ला अल्लाउद्दीनाची स्वारी. १३२७ ला तुघलकाने दिल्लीहून राजधानी तिथे आणली आणि नाव झालं दौलताबाद. मग बहामनी, मग निजामशाही, १६३३ ला मुघल, पुढे हैदराबादचे निजाम. डोंगर तोच. पायथ्याच्या गावातले लोकही बरेचसे तेच असणार, आणि मराठीच बोलत असणार. वरचं राज्य बदलत गेलं आणि प्रत्येक राज्य काहीतरी मागे ठेवून गेलं. चिटणीस, सबनीस, फडणीस ह्या आपल्या अस्सल मराठी आडनावांतला तो 'नीस' फारसी 'नवीस' आहे, लिहिणारा. दरबार गेला, पण कुठल्यातरी सोसायटीच्या सभेत चिटणीस अजून मागच्या सभेचं इतिवृत्त वाचतात. सातव्या भागात परंपरा पुढच्या युगात न्यायच्या ही जी सोय आहे ती नेमकी हीच! मला तर ती पहिल्यांदा वापरताना चिटणीसच आठवले.

एकच लोक, एकच नाव, एकच राजधानी आणि सहा हजार वर्षांत तडासुद्धा नाही, असा देश पृथ्वीवर मला तरी दाखवा. ती गोड समजूत होती. समजूत म्हणून ती आवडली असेल तर जरूर आवडो. तिला इतिहास म्हणू नका एवढंच.

आता कुणी म्हणेल, चाहत्यांना आपला गेम माहीत असतो, त्यांच्या आठवणीला काही किंमत आहे की नाही? आहे ना. त्या आठवणीची एक मजेदार गोष्ट सांगते. पहिल्या भागातले गांधीजी अण्वस्त्रं फार टाकायचे अशी एक दंतकथा आहे. तिला शास्त्रीय कारणही चिकटवलेलं. म्हणे, गांधींचा आक्रमकपणा होता १, लोकशाही स्वीकारली की त्यातून २ वजा व्हायचे, शून्याखालचा आकडा संगणकाला झेपायचा नाही आणि तो गर्रकन फिरून २५५ व्हायचा. ऐकायला इतकं पटतं की मीही चारचौघांत ऐटीत सांगितलेलं ऐकलं आहे. २०२० साली सिड मायर यांनी आत्मचरित्रात स्पष्ट लिहिलं की असा दोष त्या गेममध्ये कधी नव्हताच. पण तोवर २०१० च्या पाचव्या भागात निर्मात्यांनी गंमत म्हणून गांधींची अण्वस्त्रांची हौस मुद्दाम वाढवून ठेवलेली होती. जे घडलंच नव्हतं ते लोकांना आठवत होतं, आणि पुढे ते खरोखर घडायला लागलं. चाहत्यांची अपेक्षा म्हणतात ती ह्या मालापासून बनते.

आणि हा संतापही काही पहिलावहिला नाही. पाचवा भाग आला तेव्हा षटकोनी घरं आली आणि एका घरात एकच पलटण असा नियम आला, तेव्हा चौथ्या भागाचे भक्त म्हणाले, संपली मालिका. २०१६ ला सहावा आला, तेव्हा चित्रं पोरकट म्हणून पाचव्याचे भक्त रुसले. आज तोच सहावा भाग 'खरा सिव्ह' म्हणून मिरवतो आहे. दुसऱ्या घराण्यातही हेच. निन्टेन्डोच्या 'झेल्डा'चा २००२ चा भाग आठवा. २००० साली गंभीर चेहऱ्याचा नमुना दाखवून पुढच्याच वर्षी मोठ्या डोळ्यांचा कार्टूनसारखा नायक पुढे केला, तेव्हा केवढा हलकल्लोळ झाला. २०१३ ला त्याच भागाची नव्याने उजळलेली आवृत्ती निघाली आणि ती घ्यायला चाहतेच उभे होते.

एक मात्र कबूल करते, कारण नाहीतर भाचा मला कंपनीची वकील म्हणेल. सातव्या भागाबद्दलच्या बऱ्याच तक्रारी शंभर टक्के रास्त होत्या. सत्तर डॉलरचा गेम, आणि पडद्यावरची माहिती इतकी अर्धवट की कुठल्या आकड्याने काय होतं ते शोधत बसावं लागे. ब्रिटन सुरुवातीला नव्हतंच, ते महिनाभरात वेगळे पैसे घेऊन दिलं. आधुनिक युग विसाव्या शतकाच्या मध्याशी येऊन थांबतं, म्हणजे गेम संगणकावर, पण त्यात संगणकाचा जमाना नाही. युग बदलताना चालू लढाई मध्येच तोडून पट आवरला जायचा, तेव्हा हातातलं ताट कुणी ओढून नेल्यासारखं वाटायचं. ह्यावर भांडा की! पैसे मोजले आहेत, पुरा शिजलेला गेम मागणं हा हक्कच आहे. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. कच्ची राहिलेली भाजी आणि न आवडणारी भाजी ह्यात चाहत्यांनी फरकच केला नाही. सगळं एकाच पातेल्यात घालून ओतून दिलं.

निर्मात्यांना त्यातून ऐकू काय गेलं? २०२५ च्या सप्टेंबरात त्या कंपनीत नोकरकपात झाली. त्याचं खापर कुणा चाहत्याच्या डोक्यावर फोडणार नाही, मला आतलं काही ठाऊक नाही. पण वर्षाच्या शेवटी त्यांनी सांगितलं की सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच संस्कृती खेळता येईल अशा बदलाची चाचणी घेणार आहेत. म्हणजे वन्स मोर मिळाला. पर्याय म्हणून असेल तर माझी ना नाही, ज्याला हवं त्याने खेळावं. भीती पुढच्या भागाची आहे. सिड मायर यांचा एक जुना हिशेब प्रसिद्ध आहे: नव्या भागात एक तृतीयांश जुनं तसंच ठेवा, एक तृतीयांश सुधारा, एक तृतीयांश अगदी नवं आणा. तीस वर्षं तो हिशेब चालला. पण नव्या तृतीयांशाला इतका मार बसल्यावर आठव्या भागाच्या बैठकीत "हे जरा वेगळं करून बघू का" असं म्हणायला कोण हात वर करेल?

ह्या सगळ्यात आपला स्वार्थही आहे, तो सांगते. माझा भाचा कट्टर एकसंधवादी. त्याची दुसरी मागणी अशी की "मावशी, मराठे कुठेत? मुघल घेतले आणि मराठे नाहीत?" प्रश्न चोख आहे. मूळ गेममध्ये मराठे नव्हतेच. गंमत म्हणजे २०२५ मध्येच नेत्यांमध्ये राणी लक्ष्मीबाई आल्या. तांब्यांची मनू, बिठूरला पेशव्यांच्या आश्रयाने वाढलेली, नेवाळकरांची सून, आणि नेतृत्व कुणाचं करायचं? आधुनिक युगात भारतातलं म्हणून समोर मुघल! भाचा ह्यावर दोन दिवस धुमसत होता.

मी त्याला म्हटलं, बाळा, तुझ्या दोन मागण्या एकमेकींच्या उरावर बसल्यात. जुन्या व्यवस्थेत भारताला जागा एक. तिथे मराठ्यांना फार तर काय मिळालं असतं? पाचव्या भागात मुघलांना काय मिळालं ते बघ, एक इमारत. तसं मराठ्यांना एक घोडेस्वार मिळाला असता, नाहीतर एक डोंगरी किल्ला, आणि तोही गांधीजींच्या हुकमतीत. भारताचे तुकडे करून युगायुगांत मांडले तेव्हाच मौर्यांना जागा झाली, चोळांना झाली, आणि उद्या मराठ्यांना झाली तर त्यामुळेच होईल. 'एज ऑफ एम्पायर्स'च्या दुसऱ्या भागात २०२२ मध्ये तेच केलं की. एकच 'इंडियन्स' होते, त्यांच्या जागी हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर असे चार उभे राहिले, आणि तिथे लोक खूश झाले.

त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "मग मराठे कशातून होणार? चोळांतून?"

अजिबात नाही. मला विचाराल तर आधी सातवाहन, मग यादव, मग मराठे. अट घोड्यांची नको, डोंगरातल्या तीन किल्ल्यांची ठेवा. सातवाहनांची नाणी आणि यादवांची ती चुन्याशिवायची दगडी देवळं परंपरा म्हणून पुढे येऊ देत. आणि यादव ते मराठे ह्यांच्यामध्ये जे संकट येईल त्याला काय नाव द्यायचं ह्यावर घरात सध्या वाद चालू आहे. भाच्याचं म्हणणं तुघलक, माझं म्हणणं दुर्गादेवीचा दुष्काळ.