शुभेच्छेला थोडी पदरमोड हवी

सणाच्या शुभेच्छा आज जितक्या स्वस्त झाल्या आहेत, तितक्या पूर्वी कधी नव्हत्या. गेवराई तालुक्यातले चकलांबा घ्या किंवा मराठवाड्यातले दुसरे कुठलेही मोठे गाव. ईद असो की दिवाळी, चौकात पुढाऱ्यांच्या हसऱ्या छबींचे फलक लागतात. पण फलकावरच्या शुभेच्छेने शेजाऱ्याच्या मनातली शंका जाते काय?

याच गेवराई तालुक्यात, अर्धामसला गावच्या मशिदीत ३० मार्च २०२५ च्या पहाटे जिलेटिनचा स्फोट झाला. त्या दिवशी गुढीपाडवा होता आणि दुसऱ्या दिवशी रमजान ईद. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही. पोलिसांनी दोघांना अटक केली. दोन सणांच्या शुभेच्छा एकाच आठवड्यात दिल्या-घेतल्या जात असताना हे घडले, हे विसरून चालणार नाही.

सण असे जवळ येणे हा योगायोग खरा, पण त्यामागे गणित आहे. हिजरी महिना आणि आपला महिना दोन्ही चंद्रावर चालतात. म्हणून जिल्हेजची दहावी, म्हणजे बकरी ईद, शुद्ध एकादशीच्या आसपास येते. हिजरी वर्षाला अधिक मास नाही. त्यामुळे ते दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकते आणि ३२-३३ वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येते. २०२२ मध्ये १० जुलैला आणि २०२३ मध्ये २९ जूनला बकरी ईद व आषाढी एकादशी एकाच दिवशी आली ती अशी.

२०२३ साली राज्यातल्या अनेक गावांत मुस्लिम समाजाने एकादशीला कुर्बानी न देण्याचे ठरवले. कुर्बानी पुढच्या दोन दिवसांतही देता येते, हे खरे. तरी सणाचा पहिला दिवस सोडणे ही पदरमोडच होती. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आले, तेव्हा मुंबईत मिलादची मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढण्यात आली. शुभेच्छेला वजन येते ते अशा वागण्याने.

मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. या दोन्ही वेळी मागे सरकले ते एकाच बाजूचे लोक. त्यांचे कौतुक करून बहुसंख्याकांची जबाबदारी संपत नाही. नमाजाच्या वेळी मशिदीसमोर ढोल-ताशा थांबवायला कुठला धर्म आड येतो? सौजन्य एकाच घराने पाळायचे ठरले, तर पुढे त्याला सौजन्य नव्हे, दबाव म्हणतात.

आपल्या मातीला हे नवे नाही. योगसंग्राम लिहिणारे शेख महंमद बीड जिल्ह्यातल्या वाहिऱ्याचे मानले जातात; श्रीगोंद्यात त्यांची समाधी आहे आणि वारकरी त्यांना संत मानतात. गोदाकाठच्या पैठणात एकनाथांनी हिंदू आणि तुर्काचा संवाद भारुडात मांडला. त्यात दोघे आधी कडाडून भांडतात, मग समजूत पटते. मोहरममध्ये नवस बोलून फकीर होणारी हिंदू घरे मराठवाड्यात गावोगाव होती. दुसऱ्याचा दिवस काय आहे, हे त्या माणसांना ठाऊक होते. आज मोहरमच्याही ‘हार्दिक शुभेच्छा’ देणारे भेटतात. करबलाच्या हौतात्म्याचा तो शोक आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

सणापूर्वी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. ती व्हावीच, पण सलोख्याचे सारे ओझे फौजदारावर टाकून भागणार नाही. गावातल्या चार जाणत्या माणसांनी वर्षारंभी दोन्ही पंचांगे शेजारी ठेवून बसावे. मिरवणुका कधी, कुठल्या रस्त्याने, वाद्ये कुठे थांबायची, हे आधीच ठरवावे. आणि सणाच्या दिवशी शेजाऱ्याच्या दारी स्वतः जाऊन यावे. फलकापेक्षा हे काम अवघड आहे, पण अर्धामसल्यानंतर ते टाळण्याची सोय आपल्याला उरलेली नाही.